उंच युफोर्बिया घरात सांभाळताना: बेळगावचा पावसाळा आणि अथणीचे ऊन

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात शहापूरच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात पाच फुटांचे, तीन धारांचे काटेरी झाड आहे. नर्सरीवाल्याने ते 'आफ्रिकन मिल्क ट्री' म्हणून दिले. आषाढापासून त्याचा खालचा भाग पिवळा पडत गेला. आता श्रावणात बुंध्याशी अंगठा दाबला तर आत जातो. शेंड्याची नवी वाढ बारीक, फिकट आली आहे आणि सगळे झाड खिडकीकडे झुकले आहे. त्याच नर्सरीतून, त्याच दिवशी घेतलेले दुसरे झाड प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या जाऊबाईंकडे अथणीला आहे आणि ते ठणठणीत आहे. दोघीही दर रविवारी तांब्याभर पाणी घालतात. मग एकाचे असे का झाले, आणि हे झाड वाचेल का?

ताई, झाड वाचेल, पण आहे त्या उंचीचे वाचणार नाही. बुंधा मऊ झाला म्हणजे तिथली पेशी मेली. ती औषधाने परत कडक होत नाही. वरच्या निरोगी फांद्या वेळेत काढून घेतल्या तर त्यांची नवी झाडे होतील, आणि हे काम याच आठवड्यात करायला हवे. ते कसे करायचे ते पुढे सांगतोच. पण आधी दोन झाडांत फरक का पडला ते पाहू. ते नीट समजले नाही तर नव्या रोपांचीही पुढच्या आषाढात हीच गत होईल.

हे झाड कॅक्टस नाही. याचे शास्त्रीय नाव युफोर्बिया ट्रायगोना, मूळ मध्य आफ्रिकेतले. आपल्याकडे बांधावर दिसणारा त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर ही याची भावंडे. ओळखायला सोपे आहे. धारांवर काटे जोडीजोडीने असतात, काट्यांजवळ छोटी चमच्यासारखी पाने येतात आणि कुठेही टोचले की पांढरा चीक वाहतो. बहुतेक कॅक्टसना असा दुधासारखा चीक नसतो. मोकळ्या जागी हे झाड सहज डोक्यावरून जाते. घरातही चांगल्या खिडकीशी ठेवले तर काही वर्षांत छताकडे सरकते.

अशी झाडे पाणी खोडात साठवतात आणि दिवसा रंध्रे, म्हणजे सालीवरची बारीक छिद्रे, मिटून घेतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती रात्री घेतात, तेव्हा हवा गार असते आणि पाणी कमी उडते. उघड्या माळावर ही सोय फार कामाची. पण आपल्या पावसाळ्यात रात्रीची हवा इतकी दमट असते की पानाफांद्यांतून पाणी जवळजवळ उडतच नाही. दिवसा आभाळ भरलेले, हॉलमध्ये उजेड नाही, म्हणजे अन्न बनवण्याचे कामही बंद. झाड पाणी ओढत नाही आणि तुम्ही मात्र रविवार आला की घालता. ते पाणी मुळांभोवती साचून राहते, मातीतली हवा संपते, मुळे गुदमरतात आणि मग ओल्या मातीतल्या बुरशा आत शिरतात. तुम्हाला जे पिवळेपण आषाढात दिसले, त्याची सुरुवात मातीखाली मृगातच झालेली असणार.

अथणीत गणित उलटे आहे. एकाच जिल्ह्यातले हे दोन तालुके, पण हवेच्या दृष्टीने दोन वेगळे मुलूख. बेळगाव सह्याद्रीच्या पाठीला चिकटून, साधारण अडीच हजार फूट उंचीवर. जून ते सप्टेंबर इथे ऊन म्हणजे पाहुणा. खानापूरकडे जाल, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, तर तो पाहुणाही येत नाही. अथणी, रायबाग मात्र पर्जन्यछायेत. तिथे ढग येतात आणि बरेचदा तसेच निघून जातात. हवा कोरडी, वारा भरपूर, ऊन कडक. तिथे रविवारचा तांब्या बुधवारपर्यंत कुंडीतून नाहीसा होतो. म्हणून जाऊबाईंचे बरोबर आणि तुमचे चूक असे काही नाही. चूक आहे ती रविवार धरून पाणी घालण्याची. अथणीत ती खपून गेली, बेळगावात खपली नाही.

माझे सगळे सांगणे एका गोष्टीवर येते: आधी झाडाला उजेड किती मिळतो ते बघा, आणि पाणी त्यावरून ठरवा. लोक उलटे करतात. झाड फिकट दिसले की पाणी वाढवतात, तरी सुधारले नाही की खत घालतात. उजेड मात्र होता तिथेच राहतो.

हॉलचा कोपरा आपल्याला उजेडाचा वाटतो, कारण डोळा अंधाराला फार पटकन सरावतो. झाडाला तशी सवय होत नाही. खिडकीपासून सात-आठ फूट आत गेल्यावर उजेड काचेजवळच्या उजेडाच्या कितीतरी पट कमी झालेला असतो. घरच्या घरी पाहायचे असेल तर दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट, बोटे मोजता येण्यासारखी असतील तर जागा चांगली. बोटे एकमेकांत मिसळून नुसता पंजाचा डाग पडत असेल तर ठीकठाक. सावलीच पडत नसेल तर तिथे हे झाड जगत नाही, साठवलेल्यावर दिवस काढते. तुमच्या झाडाचा बारीक, फिकट शेंडा म्हणजे उजेडासाठी केलेली धडपडच आहे.

खिडकी कोणती, याचे उत्तर पुस्तकात बहुधा 'दक्षिणेची' असे लिहिलेले असते. ते थंड मुलखातल्या लोकांसाठी आहे. बेळगाव साधारण 15.8 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात, उजेडाची सर्वांत जास्त गरज असताना, दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. आले तरी वरचा सज्जा ते अडवतो. दिवाळीनंतर मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्याच खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येते. त्यामुळे दक्षिणेची खिडकी हिवाळ्यासाठी उत्तम, पावसाळ्यासाठी बेताची.

मी आपल्या भागात पूर्वेची खिडकी निवडतो. सकाळचे कोवळे ऊन बाराही महिने मिळते, आणि पावसाची झड बहुतेक वेळा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येत असल्यामुळे पूर्वेचे दार-खिडकी पावसाळ्यातही उघडी ठेवता येते. वारा खेळतो, आणि कूज टाळण्यात वाऱ्याचा वाटा उजेडाइतकाच आहे. पश्चिमेच्या खिडकीला आपल्याकडे चार महिने ताडपत्री नाहीतर प्लास्टिक लागते. मग उजेडही गेला आणि वाराही. उन्हाळ्यात तीच पश्चिम बाजू, विशेषतः अथणी-चिकोडीकडे, दुपारनंतर काचेमागे भाजून काढते. तिथे एप्रिल-मेमध्ये झाड खिडकीपासून दोन-तीन फूट मागे घ्यावे.

जुन्या कौलारू घरांत खिडक्या लहान आणि सोपा, म्हणजे ओसरी, अंधारा असतो. पण तिथे एक चांगली सोय असते, काचेचे कौल. त्याखाली झाड ठेवले की उजेड वरून मिळतो, झाड कुठेही न झुकता सरळ वाढते. फक्त उन्हाचा तो तुकडा दिवसभर आणि ऋतूप्रमाणे सरकत असतो, तो कुठे जास्त वेळ पडतो ते बघून जागा ठरवा. जुनी काच काळी पडली असेल तर उन्हाळ्यात कौले परतताना ती धुऊन घ्या. तेवढ्यानेही फरक दिसतो.

ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांनी साधी पांढरी, 'कूल डेलाइट' लिहिलेली 20 वॅटची एलईडी पट्टी घ्यावी. जांभळ्या महागड्या दिव्यांची गरज नाही. उंच झाडाला एक अडचण असते. दिवा वर टांगला की शेंडा उजळतो आणि खालचा भाग अंधारातच राहतो. म्हणून पट्टी आडवी न लावता झाडाच्या बाजूला उभी बसवा, फूटभर अंतरावर. सकाळी लावा, संध्याकाळी बंद करा, बारा तास पुरे. रात्र या झाडाला हवीच.

एक सावधगिरी. कोपऱ्यातले झाड एकदम गच्चीच्या उन्हात नेऊ नका. महिनोन्‌महिने सावलीत राहिलेली साल दोन दिवसांत करपते, पांढरट-तपकिरी चट्टे पडतात आणि ते कायमचे राहतात, कारण या झाडाचे खोड हेच त्याचे पान. दोन-तीन आठवडे घ्या. आधी सकाळचा तासभर, मग दोन तास, असे वाढवत न्या.

आता पाणी. कुंडीच्या वरच्या थराला बोट लावून काही कळत नाही. वर कोरडे आणि तळाशी चिखल हे पावसाळ्यात नेहमीचे. बांबूची पातळ काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत घाला, पंधरा मिनिटे ठेवा, मग बाहेर काढा. काडीला माती चिकटली, काडी गार किंवा गडद लागली, तर पाणी नाही. काडी टोकापर्यंत कोरडी आली तरच पाणी, आणि मग मात्र भरपूर, खालच्या भोकातून वाहीपर्यंत. अर्ध्या तासाने ताटलीतले पाणी ओतून टाका. दर आठवड्याला थोडे थोडे शिंपडणे हे सर्वांत वाईट. वर सतत ओल राहते, खालची मुळे तहानलेली राहतात आणि क्षार मातीत साठतात.

अंदाजच हवा असेल तर बेळगाव शहरासाठी सणांवर सांगतो. होळी ते मृग या दिवसांत, चांगल्या खिडकीशी असलेल्या झाडाला दहा-बारा दिवसांनी पाणी लागते. मृग लागला की हात आखडायचा. आषाढ-श्रावणात महिनाभरात एकदा, तेही काडी कोरडी आली तरच. खानापूरकडे तर मी ते दोन महिने बहुधा पाणी देतच नाही. गणपतीनंतर ऊन पडू लागले की पुन्हा सुरू करा. दसरा ते दिवाळी झाडाची वाढ चांगली असते, पंधरा दिवसांनी एकदा द्या. संक्रांतीच्या आसपास आपल्याकडे पहाटे बऱ्यापैकी गारठा पडतो. पारा बारा अंशांखाली जाण्याची शक्यता असेल तेव्हा माती कोरडीच बरी, आणि झाड रात्री उघड्या खिडकीत नको. तहान लागली की धारांच्या मधला भाग आत ओढला जातो आणि बोटाला किंचित मऊ लागतो, पण तो मऊपणा सगळ्या अंगभर सारखा असतो. कुजण्याची सुरुवात बहुधा बुंध्याशी, एका जागी होते, रंग बदलतो, आणि दाबले तर आतून पाणी येते. हा फरक हाताला एकदा कळला की गोंधळ होत नाही. पाने गळणे मात्र फारसे मनावर घेऊ नका. जागा बदलली, गारठा पडला, ऊन कमी झाले, कशानेही ती गळतात आणि पुन्हा येतात. जुन्या बुंध्याला तपकिरी, खडबडीत साल चढणे हेही वयाचे लक्षण आहे. ती नखाने दाबून बघा, कडक असेल तर काळजी नाही.

शहरात नळाला राकसकोपच्या किंवा हिडकलच्या धरणाचे पाणी येते, ते चालते. बोअरच्या जड पाण्याने कुंडीवर आणि मातीवर पांढरी पुटे येतात. तशी आली असतील तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाड वाढीला लागलेले असताना, एकदा भरपूर गोड्या पाण्याने माती धुऊन काढा. वळवाचे पाणी घमेल्यात धरून ठेवले तर याहून चांगले काही नाही.

आता तुमच्या झाडावरची शस्त्रक्रिया. सुरी हातात घेण्याआधी चिकाबद्दल वाचा. शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होते हे आपल्या शिवारात लहान पोरांनाही ठाऊक असते, आणि हा त्याच कुळातला चीक आहे. कातडीवर आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊन काही दिवस दिसणे मंदावू शकते. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. मुले आणि मांजर-कुत्री दुसऱ्या खोलीत. काम चालू असताना घाम पुसायलासुद्धा हात चेहऱ्याकडे नेऊ नका. डोळ्यात गेलाच तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि तसेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. झाडाचे नाव सांगा, जमले तर फोटो दाखवा. दूध, मध, गुलाबपाणी, तूप यातले काहीही डोळ्यात घालू नका. कातडीला लागला तर साबणाने धुवा.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरा. झाड आधी गोणपाटात नाहीतर जुन्या चादरीत गुंडाळून आडवे करा. मऊ बुंध्यावर पाच फुटांचे वजन असते, उभे ठेवून कापायला गेलात तर ते मोडून अंगावर येईल. सुरी धारदार, पातळ पात्याची, स्वयंपाकघरात पुन्हा न वापरण्याची असावी. ती स्पिरिटने पुसा आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. नाहीतर कूज तुम्हीच वर नेता.

या झाडाच्या बाजूच्या फांद्या मुख्य खोडाला जिथे जोडलेल्या असतात तिथे मान अगदी बारीक असते. कापायचे तिथेच. जखम लहान होते, लवकर सुकते. मधल्या जाड खोडाचा काप मोठा, त्याला बरे व्हायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून पावसाळ्यात मी आधी तीन-चार चांगल्या फांद्या मानेतून काढून घेतो आणि मग मुख्य खोडाकडे वळतो. कापल्यावर तोंड नीट बघा. निरोगी गाभा स्वच्छ, पांढरट-हिरवा आणि घट्ट असतो, चीक जोरात येतो. गाभ्यात तपकिरी किंवा लालसर कडे, एखादा ठिपका, पाणचट भाग दिसला तर दोन बोटे वर पुन्हा कापा. असे करत स्वच्छ गाभा लागेपर्यंत वर जायचे. इथे फूट-दीड फूट उंची गेली म्हणून हळहळू नका. ठिपका ठेवला तर उरलेलेही जाते.

चीक थांबवायला कापलेल्या तोंडावर गार पाण्याचा फवारा मारा, मग कोरड्या फडक्याने टिपा. जाड खोडाच्या कापाच्या कडा पेन्सिलीला टोक करावे तशा थोड्या तिरक्या तासा. सुकताना मधला गाभा आत ओढला जातो आणि धारांच्या कडा बाहेर राहतात. कडा तासल्या नाहीत तर मुळे फुटण्याची मधली जागा मातीला टेकतच नाही. तोंडाला कोळशाची वस्त्रगाळ पूड किंवा कृषी सेवा केंद्रात मिळणारे कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक चोळा.

मग सुकवणे. बाकीच्या ऋतूंत दहा दिवसांत खपली धरते. श्रावणात तीन आठवडे धरून चाला. फांद्या उभ्याच ठेवा, रिकाम्या बादलीत कोरड्या विटांचे तुकडे घालून त्यात टेकवा. आडव्या ठेवल्या तर शेंडा उजेडाकडे वळतो आणि रोप वाकडे होते. जागा कोरडी आणि वाऱ्याची हवी. पंखा मंद ठेवा. फ्रिजच्या वरची किंवा मागची उबदार जागाही चालते, फक्त मुलांचा हात पोचू नये. तोंड टणक, कोरडे, चामड्यासारखे झाले की लावायला घ्या. जुना कुजलेला बुंधा आणि मुळे कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा गुरांच्या वाटेवर टाकू नका, जाळूही नका, धूर डोळ्यांना लागतो. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. जुनी मातीही दुसऱ्या कुंडीत घालू नका.

मातीबद्दल आपल्या भागात दोन टोकाच्या सवयी आहेत. पूर्वेकडे, अथणी-गोकाक-बैलहोंगलकडे, शेतातली काळी माती कुंडीत भरतात. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि भेगा पडताना बारीक मुळे तोडते. पश्चिमेकडची तांबडी माती त्याहून बरी, पण नुसती भरली तर दोन पावसाळ्यांत आवळून विटेसारखी होते. तुमच्या कुंडीत बहुधा तिसरीच गोष्ट असेल, निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. बाहेरून येणारी रोपे हलकी पडावीत म्हणून त्यातच वाढवतात. कोकोपीट ओले असले की दिवसेंदिवस ओल सोडत नाही आणि पुरते सुकले की पाणी घेत नाही, वरून घातलेले कडेने निसटून जाते. घरी आणल्यावर पहिल्या कोरड्या ऋतूत ते काढून टाकणे चांगले.

माझे मिश्रण असे: तांबडी माती एक भाग, विटांचे किंवा कौलांचे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग, पूर्ण कुजलेले वास न येणारे शेणखत अर्धा भाग. खानापूर भागात विटांच्या भट्ट्या आणि कुंभारकाम जुने आहे, फुटक्या विटा-कौलांना तोटा नाही. ते फोडून हरभऱ्याएवढे तुकडे करा आणि चाळून बारीक भुकटी फेकून द्या. भुकटी राहिली तर तीच पुन्हा चिखल करते. बांधकामाची एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते, पण तीन-चार पाण्यांनी धुऊन, तिच्यातली धूळ गेली पाहिजे. गोव्याच्या किनाऱ्यावरून आणलेली वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असते. मिश्रण ओले करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लगेच विस्कटले पाहिजे. लाडू वळला तर विटांचे तुकडे वाढवा.

कुंडीच्या तळाशी दगडांचा थर घालायची पद्धत सगळीकडे आहे, तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ते मातीच्या तळाशी अडून राहते आणि दगडांच्या थराने तो ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ वर सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. कुंडी मातीची, न झिलई दिलेली घ्या. तिच्या अंगातून ओल निघून जाते. शोभेच्या भांड्यात कुंडी ठेवायची असेल तर तळाला विटांचे तुकडे घालून कुंडी वर उचला आणि आत पाणी साचले नाही ना, हे पाणी घातल्यावर बघत जा.

कुंडीचा आकार हा उंच झाडाचा खास पेच आहे. झाड पडू नये म्हणून लोक मोठी कुंडी घेतात, आणि मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओल धरून ठेवते, मुळे तिथवर पोचतच नाहीत. चार-पाच फुटांच्या झाडाला बारा इंचांची कुंडी पुरते. वजन हवे असेल तर ती कुंडी एका जड, रुंद भांड्यात ठेवा आणि मधल्या फटीत दगड भरा. झाड स्थिर राहते आणि मातीही वाढत नाही.

तुमच्या फांद्या मात्र सध्या सहा इंचांच्या कुंडीत लावा, एकेक. कोरड्या मिश्रणात दोन-तीन इंचच खोल, त्याहून खाली गेल्या तर पुन्हा कुजतात. त्या स्वतः उभ्या राहणार नाहीत, म्हणून तीन बाजूंनी बांबूच्या काठ्या रोवून जुन्या सुती साडीच्या पट्टीने सैल बांधा. सुतळी धारांत रुतते. लावल्यावर दोन-तीन आठवडे पाणी नाही, मग कडेने थोडेसे. साधारण महिना-दीड महिन्यात हलकेच ओढून बघितले तर पकड जाणवेल. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण पाणी.

बारीक शेंड्याचे काय? एकदा बारीक आलेली वाढ नंतर पुरती जाड होत नाही. पुढे चांगल्या उजेडात तिच्यावर जाड खोड चढते आणि मधे मान तयार होते, तिथेच झाड मोडते. फांद्या लावायच्या आधीच तो भाग कापून टाका. कापाच्या खालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात, झाड भरदार होते. छताला टेकू लागलेल्या झाडालाही हाच उपाय, पण ते काम माघ-फाल्गुनात करावे. पुढे ऊन मिळते आणि जखम पटकन सुकते. झुकू नये म्हणून दर पंधरवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा, आणि नेहमी एकाच दिशेने.

किडीत मुख्य त्रास पिठ्या ढेकणाचा. धारांच्या खाचेत कापसासारखे पुंजके दिसतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, आठवड्याने पुन्हा. मुंग्या दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच या किडीला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. निपाणीकडे तंबाखूचा काढा फवारायची जुनी रीत आहे. कीड मरते हे खरे, पण त्यातले निकोटिन माणसालाही विषारी आहे, कातडीतून अंगात जाते. बंद घरात तो फवारू नका. निंबोळी तेल आणि साबणाचे पाणी या झाडाच्या अंगावरचा मेणाचा थर काढते, म्हणून आधी एका लहान जागी लावून चार दिवस बघा, आणि लावायचे ते संध्याकाळी.

खताची घाई नको. मुळे धरल्यावर पुढच्या फाल्गुनात कुंडीत मूठभर जुने शेणखत, किंवा कोणतेही विद्राव्य खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने, महिन्यातून एकदा, मृगापर्यंत. पावसाळ्यात नाही. अंधारात दिलेल्या खताने वाढ आणखी लांबट आणि मऊ होते.

काटेरी, चिकाचे झाड घरात नको असे घरातली वडीलधारी माणसे म्हणत असतील, तर त्यांच्या मनाविरुद्ध हॉलमध्ये ठेवू नका. पूर्वेचा सोपा किंवा छत असलेली गॅलरी असेल तर झाडाला ती हॉलपेक्षा जास्त मानवेल, आणि रांगत्या मुलांपासूनही ते लांब राहील. फक्त वरून पागोळी पडत नाही ना, हे पावसाच्या पहिल्या सरीत उभे राहून बघून घ्या.